नवी पुंगळी की वेचलेली?

पिस्तुलाच्या काडतुसात चार गोष्टी असतात: गोळी, दारू, दारू पेटवणारा प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. चाप ओढला की पहिल्या तिन्ही संपतात. पुंगळी मात्र उरते. तिला दाबून मापात आणायचे, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. याला रीलोडिंग म्हणतात, आणि अमेरिकेतले हौशी नेमबाज आपल्या गॅरेजमध्ये ते सर्रास करतात.

महाराष्ट्रात नेमबाजी काही परकी नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणले. पण या दोघांचीही काडतुसे .२२ ची. त्यांत प्रायमरचा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत, धातूच्या घडीतच भरलेला असतो. घोड्याची पिन ती कड चेचते आणि पुंगळी कायमची बाद होते. पुन्हा भरता येते ती प्रायमर मधोमध वेगळा बसवलेली पुंगळी. म्हणून रीलोडिंगची चर्चा आपल्याकडे फारशी कानावर येत नाही.

ओहायोत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात मात्र ती जेवणाच्या टेबलापर्यंत येते. मामांनी पुण्यात धातुशास्त्र शिकून अमेरिकेत पितळेच्या पट्ट्या लाटणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. आता निवृत्त आहेत. .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने ५० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर सावकाश नेम धरणे ही त्यांची आवड. भाची ९ मिमीचे पिस्तूल घेऊन धावत-पळत नेम साधण्याच्या सामन्यांत उतरते. तिथे एका सामन्यात शंभरावर फैरी सहज झडतात. मामा कारखान्यातून आलेली नवी पुंगळी विकत घेतात, एकाच खेपेची. भाची मैदानावर पडलेल्या पुंगळ्या वेचून बादल्या भरते.

"या बादलीतली एक पुंगळी उचल," मामा म्हणतात, "आणि मला सांग, ही आधी कुणाच्या पिस्तुलात होती? किती वेळा भरली गेली? कशाने घासली?"

"ते नाही सांगता येणार. पण तिच्या तळावर कारखान्याचा शिक्का आहे, माझ्याकडे कॅलिपर आहे, गेज आहे. जे मोजता येतं ते मी मोजते, मामा."

"भेग पडली की तुला दिसेल. भेग पडायच्या आधी धातूत काय चाललंय ते कॅलिपरला दिसत नाही."

मामांचा मुद्दा समजायला पितळ समजावे लागते. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. या प्रमाणात धातू ताणायला अतिशय सोशीक होतो. आधी जाड पत्र्याची वाटी कापतात, ती साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होते, म्हणून मध्ये तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हंडा ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतो, तो याच कारणाने. तयार पुंगळीचा तळ मुद्दाम कडक ठेवलेला असतो, तोंडाकडचा भाग त्या मानाने मऊ. फैर झडताना पुंगळीची भिंत फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीला, घट्ट चिकटते, त्यामुळे तापलेला वायू मागे येत नाही. क्षणात ती परत आकसते आणि म्हणूनच बाहेर फेकली जाते. हे दोन्ही गुण एका धातूत मिळतात. म्हणूनच दीडशे वर्षांत पितळेला पर्याय बरेच आले, पण पुन्हा भरणाऱ्यांनी पितळ सोडले नाही.

गॅरेजमध्ये हीच पुंगळी पुन्हा पुन्हा सोसते. मापात आणणाऱ्या पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबली जाते, गोळी बसावी म्हणून तिचे तोंड किंचित उमलवले जाते, नंतर पुन्हा आवळले जाते, मग फैरीत फुगते. दर फेरीला तोंडाकडचे पितळ थोडे कडक होते आणि एक दिवस तिथे उभी भेग पडते. कारखान्यासारखे तापवणे हा इथे इलाज नाही. पिस्तुलाची पुंगळी आखूड असते, तोंड तापवताना तळही तापण्याचा धोका असतो. तळ मऊ पडलेली पुंगळी दाब झेलू शकत नाही. आगीत सापडलेले पितळ वरून कितीही चांगले दिसले तरी भंगारात टाकतात ते म्हणूनच.

"तोंडाची भेग ही काही फार मोठी आपत्ती नाही," भाची म्हणते. "आणि ती मला ऐकू येते. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की चांगल्या खणखणतात, तडकलेली एखादी असली तर बद्द वाजते."

हा प्रयोग खरा आहे. बादलीभर पुंगळ्या डोळ्यांनी तपासताना जी निसटते, ती पुष्कळदा कानाने पकडता येते.

पण मामांच्या मनात वेगळीच भेग आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी ठाण्यांवर पावसाळ्यात मोहिमा थंडावत. काडतुसांचे साठे तबेल्यांत ठेवले जात. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या, तर न वापरलेल्या पुंगळ्या तडकलेल्या निघत. त्यांना कुणी हातही लावलेला नसे. कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी स्पष्ट केले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढताना तिच्या अंगात राहून गेलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमेवर उकलते. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण आजही दिले जाते, आणि त्याचे मूळ आपल्या पावसाळ्यात आहे.

"आता सांग," मामा विचारतात, "वेचलेली पुंगळी आधीच्या मालकाने भांडी चकचकीत करायच्या अमोनियावाल्या पॉलिशने घासली नसेल कशावरून?"

"कशावरूनच नाही. पण तसं घासणारा माणूस आपल्या पुंगळ्या मैदानावर सोडून जाईल का? जमिनीवर जे पडलेलं असतं ते बहुतेक दुकानातून आणलेल्या डब्यातलं, एकदाच झडलेलं असतं. पुन्हा भरणारे आपलं पितळ वेचून नेतात."

तिचा तर्क पक्का आहे, तरी तो संभाव्यतेचा आहे. ज्या सामन्यांत फैरींनंतर पितळ वेचायला परवानगी नसते, तिथे पुन्हा भरणारेही आपल्या म्हाताऱ्या झालेल्या पुंगळ्या घेऊन येतात आणि तिथेच सोडतात. त्या सामन्यानंतर मैदानावर जे सापडते ते एकदाच झडलेले असेलच असे नाही. म्हणून कुठून वेचले हेही महत्त्वाचे. भाची आता ओळखीच्या मैदानावरूनच, आणि तिथल्या नियमाप्रमाणे परवानगी असेल तरच वेचते. अनेक मैदानांवर स्वतःच्या पिस्तुलातून पडलेल्याच पुंगळ्या उचलता येतात, बाकीच्या मैदानाच्या मालकीच्या असतात.

पैशाचा प्रश्न तिने कधी लपवला नाही. ९ मिमीची पुंगळी सगळ्यात जास्त झडते, म्हणून सगळ्यात जास्त पडलेली सापडते आणि नवीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. "२०२० मध्ये दुकानांची फडताळं रिकामी झाली तेव्हा ज्यांच्या घरात पितळ, प्रायमर आणि दारू होती, त्यांचाच सराव चालू राहिला," ती सांगते. "तुम्ही नवीची वाट पाहत बसला होतात, मामा." मामा हे नाकारत नाहीत. मात्र हा हिशेब सगळ्या मापांना लागू होत नाही. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या जमिनीवर फेकत नाही, त्या चक्रातून हाताने काढाव्या लागतात, आणि मालक त्या खिशात घालतो. .४४ मॅग्नम किंवा .४५ कोल्टची पुंगळी मैदानावर क्वचितच सापडते. तिथे मिझुरीतल्या सेडेलियाच्या स्टारलाइनसारख्या, पितळेच्या पुंगळ्याच बनवणाऱ्या कारखान्याकडून नवी घेणे हाच सरळ मार्ग.

बादली रिती करून निवड सुरू होते, तेव्हा भाचीचे काम किती चिकाटीचे आहे ते कळते. पहिल्यांदा लोहचुंबक. पोलादी पुंगळ्यांवर पितळी मुलामा असला तर डोळा फसतो, चुंबक फसत नाही. ॲल्युमिनियमच्या रंगावरून आणि वजनावरून ओळखून बाजूला. मग तोंडातून आत पाहणे, तळाला एकच छिद्र आहे की दोन. एक असेल तर प्रायमर बॉक्सर पद्धतीचा, तो पिनेने ढकलून काढता येतो. दोन असतील तर बर्डन पद्धतीचा, त्यात पिन वाकते किंवा तुटते. दोन्ही पद्धती १८६६ च्या सुमारास निघाल्या. बॉक्सर ब्रिटिश अधिकारी होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपात बर्डनची रुजली. अमेरिकेत पुन्हा भरण्याचा छंद एवढा वाढला, त्यात या निवडीचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर शिक्के. .३८० एसीपीची पुंगळी ९ मिमीसारखीच दिसते, पण ती सुमारे दोन मिलिमीटर आखूड असते. ९ मिमीचे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून थांबते, त्यामुळे आखूड पुंगळी मिसळून चालतच नाही. वर्तुळात क्रूस असलेला नाटोचा शिक्का दिसला तर प्रायमरभोवती पितळ मुद्दाम चेपलेले असते. जुना प्रायमर निघतो, पण ती चेपलेली कड दाबून किंवा खरवडून काढल्याशिवाय नवा बसत नाही. जबरदस्तीने बसवायला गेले तर प्रायमर चिरडतो, क्वचित पेटतो. .४५ एसीपीत आणखी एक भानगड. पूर्वी ती सगळी मोठ्या प्रायमरची असे, पण या शतकात काही कारखान्यांनी छोट्या प्रायमरची काढली. दोन्ही एकत्र झाली की काडतुसे भरण्याचे यंत्र, म्हणजे प्रेस, मध्येच अडते.

"हे सगळं करण्यात तुझा रविवार जातो," मामा म्हणतात. "माझ्या डब्यातल्या नव्या पुंगळ्यांना यातलं काही करावं लागत नाही."

"तुमच्या नव्या पुंगळीचं तोंडही कधी कधी चेपलेलं येतं, तुम्हालाही ती डायमधून काढावी लागते. मी तुम्हाला करताना पाहिलंय."

मामा मान डोलावतात. नवी म्हणजे तपासायला नको, असे ते स्वतःही मानत नाहीत.

खरा वाद पुढे आहे, आणि तो दाबाचा आहे. अमेरिकेत काडतुसांची मापे आणि दाबाच्या मर्यादा सामी ही १९२६ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. .३८ स्पेशलची मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, .४५ एसीपीची २१,०००, आणि ९ मिमी व .३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणजे मामांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जेवढा दाब तयार होतो, त्याच्या दुपटीहून जास्त भाचीच्या पिस्तुलात. .३८ स्पेशल १८९८ साली आले तेव्हा सुरुवातीला काळ्या दारूने भरले जात असे. तिची पुंगळी त्यामुळे पोटाने मोठी आहे, आजची दारू तिचा थोडाच भाग भरते. भिंत जरा जाड-पातळ असली तरी आतल्या जागेत टक्केवारीने फारसा फरक पडत नाही. ९ मिमीची पुंगळी छोटी. तिच्यात भिंत जाड झाली की जागा लगेच कमी होते. काही पुंगळ्यांना आत एक पायरीच असते, त्या तर गुपचूप बाद कराव्यात.

म्हणजे ज्यांच्या काडतुसाला सगळ्यात कमी धोका, ते मामा सगळ्यात कडक नियम पाळतात. आणि जिच्या काडतुसाला पितळेचा फरक जास्त जाणवतो, ती भाची सरमिसळ बादलीतून भरते. या लेखकाच्या मते दोघांनी आपापल्या सवयींची अदलाबदल केली तर ते अधिक शहाणपणाचे होईल.

भाची हे ऐकून गप्प बसणारी नाही. "शिक्क्याप्रमाणे वेगळ्या केल्या की नेम सुधारतो म्हणतात. माझं लोखंडी लक्ष्य दहा-पंधरा यार्डांवर असतं. तिथे हा फरक दिसत नाही."

"नेम सोड," मामा म्हणतात. "गोळी आत सरकते का ते पाहा."

इथे मामांचे म्हणणे निर्विवाद आहे. पातळ भिंतीच्या पुंगळीत गोळी सैल धरली जाते. पिस्तुलाची स्लाइड पुढे झेपावते, गोळीचे टोक चेंबरच्या उतारावर आपटते आणि ती पुंगळीत आत ढकलली जाते. जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि ९ मिमी किंवा .४० सारख्या छोट्या, जास्त दाबाच्या काडतुसात तो झपाट्याने वाढतो. याची परीक्षा सोपी आहे. डोळ्यांवर चष्मा चढवून तयार काडतुसाची लांबी मोजायची, गोळीचे टोक लाकडी बाकावर अंगठ्याच्या जोराने दाबायचे, पुन्हा मोजायचे. लांबी घटली तर ती पुंगळी, किंवा डायची जुळणी, चुकली आहे. भाचीने शिक्क्यांप्रमाणे ढीग करून ही परीक्षा घेतली. एका शिक्क्याच्या पुंगळ्यांत गोळी सरकत होती. तो ढीग आता भंगारवाल्याकडे जातो. बाकीचे शिक्के ती अजूनही एकत्र भरते, कारण परीक्षेत ते टिकले. दारूचे प्रमाण ती छापील पुस्तकातल्या आरंभीच्या आकड्यापासून धरते, आणि पुंगळीचा प्रकार बदलला की पुन्हा खालपासून सुरुवात करते.

मामांच्या बाजूनेही एक धोका आहे आणि तो पितळेच्या शुद्धतेने टळत नाही. .३८ च्या मोठ्या पोटात दारू दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, काठापर्यंतही येत नाही. प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहणे हाच उपाय. मामा हे न चुकता करतात. .३५७ मॅग्नमची पुंगळी .३८ पेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केली आहे ती मॅग्नमचे काडतूस जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. लांबी ही तिथे सुरक्षेची कडी आहे. त्यामुळे मॅग्नमची पुंगळी कापून आखूड करण्याचा विचारही कुणी करू नये.

फुगवट्यावर दोघांचे एकमत आहे. काही पिस्तुलांच्या, विशेषतः जुन्या .४० च्या, चेंबरला तळाशी पुरता आधार नसे. तिथून निघालेल्या पुंगळीला तळाजवळ एका बाजूला पोट येते. साधी डाय तिथपर्यंत पोचत नाही. आरपार ढकलणाऱ्या डायने ते पोट सपाट करता येते, पण सपाट झाल्याने ताणलेले पितळ पूर्ववत होत नाही. ठळक पोट, काळसर व्रण किंवा तळाजवळ चमकदार घडी दिसली तर पुंगळी पक्कडीने चेपून टाकावी, म्हणजे ती चुकून परत बादलीत येत नाही. नवा प्रायमर विनासायास, बोटाच्या दाबाने आत जाऊ लागला तर त्या पुंगळीचे आयुष्य संपले असे दोघेही मानतात.

निकेलच्या चंदेरी पुंगळ्यांवर पुन्हा फाटाफूट. भाचीला त्या आवडतात, गवतात चटकन दिसतात, डायमधून गुळगुळीत जातात. मामा म्हणतात त्यांचे तोंड साध्या पितळेपेक्षा लवकर तडकते, आणि अनुभवी लोक बहुतेक मामांच्या बाजूचे आहेत. थोड्याच फेऱ्यांसाठी त्या उत्तम, एवढे म्हणता येईल.

एका बाबतीत मामांनी भाचीला अक्षरशः रागावून बदलायला लावले. ती पुंगळ्या मक्याच्या कणसांच्या भरडीत घालून, कंपन यंत्रात, गॅरेजचे दार लावून साफ करायची. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसे असते. ते त्या भरडीच्या धुळीतून हवेत येते, हातांवर बसते, कपड्यांवरून घरात जाते. तिच्या घरी रांगते मूल आहे. आता ती पाण्यात, पोलादी टाचण्यांसोबत पुंगळ्या घुसळते, हातमोजे घालते, ते कपडे वेगळे धुते. पाणी कुठे टाकायचे याचीही काळजी घेते. वेचलेले पितळ वापरणाऱ्याला ही सफाई जास्त करावी लागते, आणि फुकट पितळेची ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे.

निवाडा द्यायचाच झाला तर तो मापाप्रमाणे द्यावा लागेल. .३८ स्पेशल आणि .४५ एसीपी हलक्या भरणीने झाडणाऱ्याने वेचलेले, तपासलेले, सरमिसळ पितळ खुशाल वापरावे. ९ मिमी रोजच्या सरावासाठी वेचलेले चालेल, पण शिक्क्याप्रमाणे वेगळे करून आणि गोळी सरकत नाही याची खात्री करून. .३५७ मॅग्नम, १० मिमी किंवा मर्यादेच्या जवळ जाणारी कुठलीही भरण असेल तर मामांसारखी एका खेपेची नवी पुंगळी घ्यावी आणि ती किती वेळा भरली याची नोंद डब्यावर ठेवावी.

कायद्याचीही गोष्ट आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे पुन्हा भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. ती विकायची असतील तर लागतो. काही राज्यांचे नियम आणखी कडक आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, घरातल्या हौसेला तिथे जागा नाही. अमेरिकेतून सुट्टीला मायदेशी निघणाऱ्या नेमबाजांनी तर एक काम आठवणीने करावे. मैदानावर जी पिशवी नेता, ती विमानप्रवासाला घेऊ नका. घ्यावीच लागली तर तिचे सगळे कप्पे आणि जॅकेटचे खिसे उलटे करून झटका. विसरून राहिलेल्या एखाद्या काडतुसावरून किंवा रिकाम्या पुंगळीवरून भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले आहेत. ते जाणूनबुजून बाळगलेले नव्हते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने असे अनेक गुन्हे नंतर रद्द केले, पण तोपर्यंत त्या प्रवाशांना पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या फेऱ्या चुकल्या नाहीत.